उंदराशिवाय मायक्रोसर्जरी: प्रॅक्टिसला काय घ्यावं, कशावर पैसे घालवू नयेत

प्लास्टिकला किंवा हँड सर्जरीला नवीन लागलेली ज्युनियर मंडळी एकच प्रश्न फिरून फिरून विचारतात, मॅडम घरी प्रॅक्टिसला काय घेऊ, हे ऑनलाइन मिळणारं किट बरंय का, अमक्या कोर्सला लाइव्ह रॅट देतात तर सरळ तोच करून टाकू का. प्रत्येकाला वेगळं टाइप करायचा कंटाळा आला म्हणून सगळं एकदाच लिहितेय. सामान स्वतःच्या पैशाने घेतलेलं आहे नाहीतर डिपार्टमेंटमधे वापरलेलं, कुणी फुकट पाठवलेलं नाही, त्यामुळे जे भिकार आहे त्याला भिकारच म्हणणार.

जे डॉक्टर नाहीत आणि तरी वाचतायत त्यांच्यासाठी दोन ओळी. मायक्रोसर्जरी म्हणजे साधारण एक मिलिमीटरच्या रक्तवाहिनीची दोन टोकं मायक्रोस्कोपखाली बघत जोडायची. धागा टेन-झीरो नायलॉन, जाडी २० ते २९ मायक्रॉन, आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो म्हणजे केसाच्या अर्ध्याहूनही बारीक, आणि एवढ्याशा घेरात सहा-आठ टाके. कडबाकुट्टीत नाहीतर पॉवर प्रेसमधे तुटलेलं बोट परत लावताना हेच करतात, आणि गुटख्याने जबड्याचा कॅन्सर झालेल्या पेशंटला पायातलं फिब्युला हाड काढून नवीन जबडा बनवतात तेव्हाही शेवटी सगळं याच जोडावर येऊन थांबतं. एक टाका मागच्या भिंतीत अडकला की गुठळी, आणि गुठळी झाली आणि वेळेत कळली नाही की आठ-दहा तासांचं ऑपरेशन पाण्यात. म्हणून हे पेशंटवर शिकायची गोष्टच नाही, आधी कुठेतरी हात तयार करून यावं लागतं.

ते "कुठेतरी" म्हणजे आजवर उंदीर. भूल दिलेल्या जिवंत उंदराची मांडीतली फिमोरल आर्टरी (धमनी) जेमतेम एक मिलिमीटर, ती कापायची, जोडायची, रक्त अडवून धरणारे चिमटे म्हणजे क्लॅम्प काढायचे, रक्त वाहतंय का बघायचं, आणि सेशन संपलं की उंदीर मारायचा. या शाखेची सुरुवातच प्राण्यांवर झालीय, १९६० साली अमेरिकेत व्हरमाँटला जेकबसन आणि सुआरेझ यांनी मायक्रोस्कोप लावून बारीक रक्तवाहिन्या जोडून दाखवल्या त्या प्राण्यांच्याच, नंतर तिथलेच सर्जन बंकी यांनी सशाचा कान आणि माकडाचा अंगठा केला. गंमत म्हणजे त्याच १९६० साली आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा आला आणि त्याच्या १७व्या कलमात स्पष्ट लिहिलंय की केवळ हाताचं कसब मिळवायला म्हणून शक्यतो प्राण्यांवर प्रयोग करू नयेत. केवळ हाताचं कसब! म्हणजे आपण जे करतो तेच. ब्रिटनमधे तर १८७६च्या कायद्यानेच हे बंद होतं आणि १९८६च्या नव्या कायद्यात एकाच कामाला सूट ठेवली ती मायक्रोसर्जरीला. त्यावरून कळतं की तेव्हा लोकांना उंदराशिवाय हे शिकणं शक्यच वाटत नव्हतं.

आता शक्य आहे का? माझं मत, टाके घालायला शिकण्यापुरतं तरी शंभर टक्के शक्य आहे आणि उंदरापेक्षा बरंच होतं, कारण उंदीर वर्षात एकदा मिळतो आणि कोंबडी रोज मिळते. पण सगळी मॉडेल्स सारखी नाहीत. चला एकेक बघू.

सगळ्यात फुकट ते म्हणजे हातमोजा. लेटेक्सचा सर्जिकल ग्लव्ह कापून एका छोट्या डबीवर ताणून बसवायचा, ब्लेडने चीर द्यायची आणि शिवत बसायचं, आधी जरा जाड एट-झीरोने मग टेन-झीरोने. प्रचंड बोअर काम आहे. पण सुई धरायची कशी, कुठे धरायची, टोक न दिसता फोर्सेप्सने (बारीक चिमट्याने) धागा कसा उचलायचा, गाठ हवेत न राहता सपाट कशी बसवायची हे सगळं इथेच शिकायचं असतं, आणि हे न शिकता जो पुढच्या मॉडेलवर उडी मारतो त्याची तिथली पहिली सगळी सामग्री गाठी सोडवण्यात वाया जाते. पाच पैकी चार स्टार, एक कापला कारण मोज्याला आतली बाजू नाही, मागची भिंत नाही, आणि आपलं निम्मं दुखणं मागच्या भिंतीतच असतं.

मग ती ऑनलाइन मिळणारी सिलिकॉन ट्यूबची कार्डं. दिसायला एकदम प्रोफेशनल, पांढऱ्या कार्डावर एक, दोन, तीन मिलिमीटरच्या नळ्या चिकटवलेल्या, बरोबर एक चकचकीत फोर्सेप्स आणि झिपवाला पाउच. दोन स्टार. दुसरा पाउचसाठी. नळीचं तोंड आपोआप उघडं राहतं हा तिचा सगळ्यात मोठा खोटेपणा, खरी आर्टरी कापली की तिचं तोंड मिटतं आणि व्हेन (शीर) तर शिजलेल्या शेवईसारखी चपटी होऊन पडते, ते तोंड शोधणं आणि उघडणं हेच तर शिकायचंय. नळीला अ‍ॅडव्हेन्टिशिया नाही म्हणजे बाहेरचं ते तंतूंचं आवरण साफ करायची सवय लागत नाही, आणि खऱ्या केसमधे तेच आवरण आत ओढलं जाऊन घोटाळा करतं. वर सिलिकॉनमधे सुई लवकर बोथट होते. हॉस्टेलच्या रूमवर रात्री दोनला झोप येत नसेल आणि कोंबडी आणायला दुकान उघडं नसेल तर ठीक आहे, नाहीतर पैसे वाचवा. पीव्हीसीचा अख्खा उंदीर पण मिळतो बरं का, नेदरलँड्सच्या रेने रेमी यांनी बनवलेला, आत रक्तवाहिन्या आणि अवयव जागच्या जागी. प्राण्यांवर रिसर्च करणाऱ्या लोकांना उंदराचं शरीर समजून घ्यायला तो उत्तम, पण आपल्याला उंदराची सर्जरी शिकायची नाहीये, एक मिलिमीटरची वाहिनी जोडायचीय, तेव्हा रेसिडेन्टने स्वतःच्या खिशातून घ्यायची ही वस्तू नाही, डिपार्टमेंटने घेतली तर घेऊ दे.

मधेच एक विचित्र प्रकार सांगते, जपानी शिराताकी नूडल्स. कोन्याकू नावाच्या कंदाच्या पारदर्शक शेवया असतात, त्या फ्रान्समधे स्ट्रासबूर्गच्या हँड सर्जरीवाल्यांनी प्रॅक्टिसला वापरून २०१४ साली पेपरही छापला. आपल्याकडे डायटवाल्यांसाठी पाकिटात मिळतात. हात जरा जड पडला की फाटतं त्यामुळे अलगदपणा शिकायला बरं, पण पाकिटाचा वास उघडल्याबरोबर इतका मासळीसारखा येतो की माझी रूममेट (पॅथॉलॉजीवाली, फॉर्मॅलिनची सवय असलेली) उठून बाहेर गेली. तीन स्टार, मजेसाठी एकदा करा.

आता मुख्य पदार्थ, कोंबडीची तंगडी. याला मी पाचातले पाच देते आणि सहावा असता तर तोही दिला असता.

पण चिकनवाल्याला नीट सांगावं लागतं. आपल्याकडे सवयीने तो कातडी काढतो आणि सुऱ्याने खटाखट तुकडे करतो, ते आपल्या कामाचं नाही. अख्खी तंगडी पाहिजे, मांडी आणि खालचा पाय जोडलेला, मधे कुठेही घाव नको, आणि शक्यतो आजची कापलेली, फ्रोझन नको, बर्फातून काढलेल्या पायाच्या व्हेनचे हात लावताच तुकडे पडतात. माझा चिकनवाला पहिल्यांदा म्हणाला, "ताई, तंदुरीला पाहिजे का?" मी खरं सांगितलं तर तो दोन मिनिटं बघतच राहिला, आता मी दिसले की स्वतःच मोठी ब्रॉयलरची तंगडी बाजूला काढून ठेवतो आणि गिऱ्हाइकांना सांगतो की या डॉक्टर कोंबडीचं ऑपरेशन करतात. गावठीच्या मागे लागू नका, महाग आणि चिवट, ब्रॉयलरमधे वाहिन्या पटकन सापडतात.

मांडीच्या दोन स्नायूंमधे बोटाने वाट केली की पांढरी जाड सायटिक नर्व्ह दिसते, तिच्याच सोबतीने आर्टरी आणि व्हेन जातात. वरच्या टोकाला आर्टरी दीड-दोन मिलिमीटर, खाली गुडघ्याकडे जाताना बारीक बारीक होत जाते. हीच तर सोय आहे, नवशिक्याने वर काम करायचं, हात बसला की खाली सरकायचं, आणि अजून माज असेल तर स्नायूत जाणारी एखादी अर्धा मिलिमीटरची फांदी घ्यायची. एका तंगडीत आर्टरीचे तीन-चार जोड, एक व्हेन, वर नर्व्ह रिपेअर, सगळं होतं, आणि खर्च शे-दीडशे रुपये. मुख्य म्हणजे हे टिश्यू खरं आहे, म्हणजे तोंड मिटतं, अ‍ॅडव्हेन्टिशिया चिकटते, जोरात ओढलं तर फाटतं. सिलिकॉन यातलं काहीच करत नाही.

रक्त नाही ही तक्रार बरोबर आहे. त्यावरचा उपाय अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या मॅडिसनमधल्या लोकांनी २०१८मधे छापला, तंगडीच्या वाहिन्यांमधे निळा रंग घातलेलं पाणी सोडायचं, मग जोड गळतो का, पुढे भरतं का हे डोळ्यांना दिसतं. घरी करायला खायचा निळा रंग, सलाइनची बाटली, आयव्ही सेट आणि २४ नंबरचा पिवळा कॅन्युला (शिरेत घालायची बारीक नळी) बास झाला. बाटली तंगडीपासून १३६ सेंटिमीटर उंच टांगली की बरोबर १०० मिलिमीटर मर्क्युरीचा दाब मिळतो (पारा पाण्याच्या १३.६ पट जड, अकरावीचं फिजिक्स कधीतरी कामाला आलं), पडद्याच्या रॉडला टांगली तरी चालते. ठोके नाहीत, सरळ धार आहे, तरी गळणारा जोड लगेच चुगली करतो. टेबलावर प्लास्टिक अंथरा, निळा डाग सनमायकावरून जात नाही.

आणि आता जो भाग निम्मे लोक गाळतात तो. जोड झाला, पाणी गळलं नाही, फोटो काढला, स्टेटसला टाकला, झोपले. असं नाही चालत. ती वाहिनी जोडासकट कापून काढायची, लांबीत उभी चिरायची, उलटी पसरायची आणि आतून बघायची. बाहेरून अगदी देखणा दिसणारा जोड आतून बघितला की कळतं एक टाका समोरच्या भिंतीलाही घेऊन गेलाय, दोन टाक्यांमधलं अंतर दुप्पट आहे, एक कड आत दुमडलीय, धाग्याचं शेपूट लुमेनमधे म्हणजे आतल्या पोकळीत लोंबतंय. लंडनच्या क्वीन मेरी युनिव्हर्सिटीवाल्यांनी यालाच शिस्तीत बसवून १० चुकांची यादी बनवलीय, अ‍ॅनास्टोमोसिस लॅप्स इंडेक्स म्हणतात (अ‍ॅनास्टोमोसिस म्हणजे जोड), प्रत्येक जोड उघडून त्यातल्या किती चुका झाल्या ते मोजायचं, झालं तुमचं प्रगतिपुस्तक. जिवंत उंदरात ही गोष्ट अनेकदा राहूनच जाते कारण रक्त वाहिलं की सगळे टाळ्या वाजवतात, आणि उंदराचं रक्त थोडी वाईट शिलाई खपवून घेतं, तेवढ्या वेळात गुठळी व्हायची असेल तर ती सेशन संपल्यावर होते.

सामानाचं थोडंसं. मायक्रोस्कोप हा एकमेव मोठा खर्च आहे आणि इथे कंजुषी केली तर बाकी सगळं फुकट जातं. यूएसबीचे स्वस्त डिजिटल मायक्रोस्कोप घेऊ नका, मोबाइल स्टँडला लावून झूम करून शिवण्याचे व्हिडिओही बघून भुलू नका, गाठ मारायला पहिले काही दिवस चालतं पण स्क्रीनवर खोली दिसत नाही, आणि चित्र हाताच्या किंचित मागे राहतं त्यामुळे हात आपोआप संथ आणि चाचपडणारा होतो. अंबाल्याला बनणारे दोन डोळ्यांचे स्टिरिओ झूम मायक्रोस्कोप, बायॉलॉजीच्या लॅबमधे असतात तसे, लाखात नाही हजारांत मिळतात, तीन-चार जणांत मिळून घ्या. फक्त लेन्सच्या खाली हात घालायला जागा कमी असते, साधारण दहा सेंटिमीटर, म्हणून सोबत ०.५ एक्सची पुढची लेन्स नक्की मागा, मॅग्निफिकेशन निम्मं होतं पण खालची जागा बऱ्यापैकी वाढते आणि फोर्सेप्स काचेला आपटायचे थांबतात. नुसत्या लूप्सवर (चष्म्याला लावायच्या भिंगांवर) प्रॅक्टिस करणाऱ्यांना एवढंच सांगते की अडीच पटीत जो टाका परफेक्ट दिसतो तो पंधरा पटीत बघून या.

फोर्सेप्स म्हणजे ज्वेलर्स नंबर पाचचेच, घड्याळजींचे. दोन घ्या, आणि घेताना टोकात टेन-झीरोचा धागा पकडून बघा, निसटला तर तिथेच परत करा. एकदा टोकावर पडला की संपला. आणि सुई फोर्सेप्सला चिकटून बसायला लागली, सोडता सोडेना, तर समजा चुंबकत्व आलंय, हताश होऊ नका, जवळच्या घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे जा, त्याच्याकडे ते काढायची निळी डबी असते, पाच सेकंदांचं काम. धागे विकत घेऊच नका, ओटीच्या सिस्टरांशी गोड बोललात तर एक्स्पायरी उलटलेले देतात, पेशंटला चालत नाहीत पण कोंबडीची काही तक्रार नसते. क्लॅम्प सुरुवातीला लागतच नाहीत.

मग उंदीर हवाच का? इथे आमच्यात भांडणं होतात. मी जो लाइव्ह कोर्स केला (नाव घेत नाही) तिथे फी भरमसाट, उंदीर मोजके, आणि येणाऱ्यांतले अर्धे आयुष्यात पहिल्यांदा टेन-झीरो हातात धरणारे. परिणाम काय, आर्टरी व्हेनपासून सोडवतानाच व्हेन फाटते, रक्त थांबवण्यात तास जातो, उंदीर एकही जोड न होता मरतो, आणि त्या माणसाने त्या दिवशी शिकलं काय तर तेच जे दीडशे रुपयांच्या तंगडीवर शिकता आलं असतं. हे मला पटलं नाही, खर्च म्हणूनही नाही आणि त्या जिवाचं म्हणूनही नाही. रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९लाच सांगून ठेवलंय, प्राणी वापरणं टाळता येत असेल तर टाळा, नाहीतर संख्या कमी करा, नाहीतर त्रास कमी करा, मग कोर्सच्या दारातच "तंगडीवरचे जोड उघडून दाखवा, मगच आत या" अशी पाटी लावायला काय हरकत आहे.

दुसरी बाजू पण ऐकून घ्या, कारण ती म्हणणारे आमचे सिनियर मूर्ख नाहीत. त्यांचं म्हणणं, मेलेल्या वाहिनीला स्पॅझम येत नाही. जिवंत आर्टरीला जरा धसमुसळेपणाने हात लावला की ती आक्रसून अर्धी होते, मग वाहिनी सैल करणारं लिग्नोकेन किंवा पापावरीन टाकून वाट बघत बसावं लागतं, ते बघत बसणं कोंबडी शिकवत नाही. क्लॅम्प काढल्यावर टाक्यांमधून येणारं रक्त कुठलं आपोआप थांबणार आणि कुठे जादा टाका लागणार, आर्टरी दोन फोर्सेप्समधे रिकामी करून सोडली की भरते का ही टेस्ट, गुठळी बनताना कशी दिसते, आणि घड्याळ चालू असतानाची ती धाकधूक. सगळं खरंय. पण हे शिकायची जागा माझ्या मते मायक्रोस्कोपच्या समोरच्या बाजूला, असिस्टंट ज्यातून बघतो त्या आयपीसवर आहे. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचा इतका लोड आहे की मोठ्या सेंटरांमधे फ्री फ्लॅप (शरीराच्या एका जागचा तुकडा काढून दुसरीकडे वाहिन्या जोडून लावणं) ही रोजची केस असते, तिथे सिनियरच्या हाताखाली स्पॅझम बघायला मिळतो, गुठळी बघायला मिळते, रात्री तीनला निळा पडलेला फ्लॅप परत ओटीत नेणंही बघायला मिळतं. ज्याच्या हॉस्पिटलात अशा केसेस होतच नाहीत त्याच्यासाठी मात्र उंदराचा मुद्दा थोडा जड होतो, हे मान्य.

आणि दोघांच्या मधे एक चीज आहे जी आपल्याकडे फार कुणी वापरत नाही, ती म्हणजे वार. प्लॅसेंटा. बाळंतपणानंतर एरवी हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते, तिच्या पृष्ठभागावर सगळ्या साइजच्या माणसाच्या खऱ्या आर्टरी आणि व्हेन पसरलेल्या असतात, नाळेतून कॅन्युला घालून रंगीत पाणी सोडलं की अख्खं झाड भरून येतं. न्यूरोसर्जरीवाले यावर मेंदूतल्या बायपासची प्रॅक्टिस करतात. आईची लेखी परवानगी पाहिजे, एचआयव्ही आणि हिपॅटायटिसचे रिपोर्ट बघून घ्यायचे, एथिक्स कमिटीची मंजुरी पाहिजे, घरी आणायचा विचारही करू नका, हे हॉस्पिटलच्या लॅबमधेच. साडेचार स्टार, अर्धा कागदपत्रांसाठी कापला. भिंती कोंबडीपेक्षा पातळ, त्यामुळे तंगडी सोपी वाटायला लागली की मगच.

शेवटची आणि गंभीर सूचना, प्रॅक्टिस झालेली तंगडी रस्स्यात टाकू नका. हसू नका, विचारणारे भेटलेत, निळा रंग खायचाच आहे ना मॅडम, मग वाया का घालवायची. टेन-झीरोची सुई तीन-चार मिलिमीटरची असते, मायक्रोस्कोपमधून बाहेर पडली की दिसत नाही, आणि दर सेशनला एखादी तरी मांसात हरवतेच. तंगडी पिशवीत गुंडाळून गाठ मारून टाका, सापडलेल्या सुया थर्माकोलच्या तुकड्यात खोचून ओटीच्या शार्प्सच्या डब्यात, आणि कुत्र्याला तर अजिबात घालू नका.